वेबसाईटचं वजन आणि कोरीटचा फोन

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या कार्यक्रमाला हजर होते. देशाच्या डिजिटल कारभाराचा नारळ असा शहादा तालुक्यातल्या एका खेड्यात फुटला आणि पुढच्या दीड दशकात सरकारची बहुतेक दारं वेबसाईटवर गेली. सात-बारा महाभूलेखवर, जातीचा दाखला ‘आपले सरकार’वर, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, दहावीचा निकाल मंडळाच्या साईटवर. त्याच जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावातल्या माणसालाही तलाठ्याला गाठण्याआधी एखादं वेब पान गाठावं लागतं. ते पान तीन सेकंदांत उघडलं तर काम घरबसल्या होतं. तीस सेकंद नुसतं गोल फिरत राहिलं, तर उरतो तो सेवा केंद्राचा फेरा, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यात जवळपास सत्तर टक्के अनुसूचित जमातींचे लोक, आणि केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातल्या ज्या चार जिल्ह्यांची नावं आली त्यांतलं एक नंदुरबारचं. वेबसाईट संथ असण्याची किंमत सर्वांत जास्त कोण मोजतं, हे या आकड्यांवरून कळायला हरकत नाही.

साईट संथ का, असं हा धंदा करणाऱ्यांना विचारलं की ते पटकन दोन गटांत वाटले जातात. एक गट सगळा दोष पेज बिल्डरवर टाकतो. पेज बिल्डर म्हणजे कोडची एकही ओळ न लिहिता मजकूर, फोटो, बटणं माऊसने ओढून पानावर हवी तिथे ठेवायची सोय. अशा सोयीने बनलेलं पान फुगलेलंच असणार, खरी साईट हाताने कोड लिहूनच होते, असं या गटाचं म्हणणं. दुसरा गट उलट विचारतो की शाळा, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, ग्रामपंचायत यांनी कोड लिहिणारा माणूस आणायचा कुठून आणि त्याला पगार द्यायचा कशातून? दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघंही साधनावर भांडतात आणि खरा प्रश्न बाजूलाच राहतो. साईटचा वेग तिच्या वजनावर ठरतो, आणि वजन कोणी तरी आधी मर्यादा घालून दिली तरच आटोक्यात राहतं. ती मर्यादा घालणारं कोणी असेल तर बिल्डरने बनवलेली साईटही चपळ होते. नसेल तर निष्णात माणसाने हाताने लिहिलेली साईटसुद्धा कोरीटच्या फोनवर रखडते.

आधी पान उघडतं म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. पत्ता टाकला की त्या नावाचा सर्व्हर कुठे आहे हे शोधलं जातं, मग त्याच्याशी जोडणी होते, मग ती जोडणी सुरक्षित केली जाते. या प्रत्येक पायरीला एक निरोप जातो आणि एक उत्तर परत येतं. शहरात फायबरच्या जोडणीवर अशी फेरी काही मिलिसेकंदांत संपते. दूरच्या टॉवरवरून, रेंजच्या एक-दोन दांड्यांवर, तिला दीडशे-दोनशे मिलिसेकंद किंवा त्याहूनही जास्त लागतात. म्हणजे पानाचं एक अक्षर येण्याआधीच अर्धा-पाऊण सेकंद गेलेला असतो. त्यानंतरही सर्व्हर सगळं एकदम पाठवत नाही. वाट किती रुंद आहे हे त्याला ठाऊक नसल्याने पहिल्या खेपेत तो साधारण १४ केबी पाठवतो, पोच आली की पुढच्या खेपेत दुप्पट, असं करत हात सैल सोडतो. पानाचा सांगाडा आला की त्यात रंगरूपाच्या, हालचालींच्या, फाँटच्या आणि फोटोंच्या फाइलींची यादी सापडते, आणि त्या आणायला नव्या फेऱ्या सुरू होतात. वेब पानांची नियमित मोजणी करणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्हच्या २०२४च्या नोंदींप्रमाणे मोबाइलवरच्या सर्वसाधारण पानाचं वजन सुमारे २.३ एमबी होतं. गूगलचं लाइटहाउस हे तपासणीचं साधन संथ फोर-जी म्हणून सेकंदाला १.६ मेगाबिट हा वेग धरतं. त्या वेगाने २.३ एमबी उतरायला नुसत्या गणिताने साडेअकरा सेकंद लागतात. रेंज आणखी पडून वेग त्याच्या चौथाईवर आला, तर पाऊण मिनिट.

पण उतरवून घेणं हा अर्धाच भाग झाला. शंभर केबीचा फोटो फोनला फक्त उलगडून दाखवायचा असतो. शंभर केबीचं जावास्क्रिप्ट मात्र वाचायचं, समजून घ्यायचं, फोनला कळेल अशा भाषेत बदलायचं आणि मग चालवायचं असतं, आणि ते चालू असेपर्यंत पानावर बोट टेकवलं तरी फोन दाद देत नाही. महागड्या फोनचा प्रोसेसर हे काम चुटकीसरशी करतो, स्वस्त फोनचा प्रोसेसर त्याच कामाला कित्येक पट वेळ घेतो. २०१७ साली जिओफोन आला तेव्हा त्याचा पडदा २.४ इंचांचा आणि मेमरी ५१२ एमबी होती. आजचे स्वस्त अँड्रॉइड फोन त्याच्या खूप पुढे गेले आहेत, तरी साईट बनवणाऱ्याच्या टेबलावरचा लॅपटॉप आणि गावातल्या घरात चार जणांत मिळून वापरला जाणारा, मेमरी भरत आलेला फोन यांतलं अंतर काही मिटलेलं नाही. पान डोळ्यांना दिसतं आहे, बटण दाबलं तरी काही होत नाही, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा दाबतो आणि अर्ज दोनदा जातो किंवा मुळीच जात नाही. हा त्रास नेटचा नसतो, पानात कोंबलेल्या कोडचा असतो.

आता पेज बिल्डरवरचा आरोप. ही कल्पना नवी नाही. १९९०च्या दशकात मायक्रोसॉफ्टचं फ्रंटपेज आणि मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर ही साधनं आली, आणि त्यांतून निघणारा कोड पाल्हाळिक असतो ही तक्रारही त्यांच्या मागोमाग आली. मे २००३ मध्ये वर्डप्रेस आलं. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक साईट त्यावर चालतात. त्यावर बसणारे पेज बिल्डर पुढच्या दशकात आले: डब्ल्यूपीबेकरी, डिव्ही, आणि २०१६ साली इस्रायली कंपनीचं एलिमेंटर. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसने स्वतःचाच ठोकळे रचायचा संपादक आणला. ही साधनं जड का होतात, याची कारणं सरळ आहेत. ओढून कुठेही ठेवता यावं म्हणून प्रत्येक वस्तूभोवती चौकट, तिच्याभोवती स्तंभ, स्तंभाभोवती विभाग, असे कोडचे डबे एकात एक येतात. मथळ्याची एक ओळ पाच-सहा डब्यांच्या आत जाऊन बसते. पानात असे घटक आठशेच्या पुढे गेले की लाइटहाउस सावध करायला लागतं, आणि चौदाशेच्या पुढे ते पान नापास गटात टाकतं. दुसरं कारण असं की कोण काय वापरेल हे बिल्डरला आधी माहीत नसतं, म्हणून तो सरकता फोटो, उघडझाप होणारे प्रश्न, मोजत जाणारे आकडे अशा सगळ्याची तयारी सोबत आणतो. दोन माणसांच्या जेवणाला लग्नाच्या आचाऱ्याने आपली सगळी पातेली घेऊन यावं, तसा हा प्रकार. त्यावर आणखी जोडण्या, म्हणजे प्लगइन, चढतात: चॅटचं बटण, पाहुण्यांची गणती, चिन्हांचा फाँट, सणावारी पॉपअप. प्रत्येक जोडणी एकेकटी हलकी वाटते, सगळ्या मिळून पान बसवतात.

इथवर पहिल्या गटाची बाजू भक्कम दिसते. पण पुरावा इथे थांबत नाही. गूगलने मे २०२० मध्ये पानाच्या अनुभवाचे तीन निकष जाहीर केले. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि वाचता वाचता मजकूर खालीवर उड्या मारू नये. यातला प्रतिसादाचा निकष सध्याच्या रूपात मार्च २०२४ पासून लागू आहे. तिन्हींपैकी प्रत्येक निकष शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत जमला तर साईट उत्तीर्ण. क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या भेटींवरून काढलेली ही माहिती उघड असते, आणि कोणत्या साधनाने बनवलेल्या किती साईट उत्तीर्ण झाल्या हेही तीत पाहता येतं. गेली काही वर्षं वर्डप्रेसवरच्या निम्म्याहून कमी साईट मोबाइलवर उत्तीर्ण होत आल्या आहेत. विक्स आणि डुडा मात्र त्याच्या बरेच पुढे आहेत. ही दोन्ही साधनं तर पूर्णपणे ओढून-ठेवायच्या पद्धतीची, म्हणजे पेज बिल्डरचा अस्सल नमुना! बिल्डर असणं हाच दोष असता तर ती तळाशी दिसायला हवी होती. फरक पडतो तो जबाबदारीने. विक्स किंवा डुडावर सर्व्हर कंपनीचा, साचे कंपनीचे, फोटो लहान करून पाठवण्याचं कामही कंपनीचंच. एका ठिकाणी कोड हलका केला की लाखो साईट हलक्या होतात. वर्डप्रेसवर होस्टिंग एकाचं, साचा दुसऱ्याचा, बिल्डर तिसऱ्याचा, वीस जोडण्या वीस जणांच्या, आणि एकूण वजनाला मालक कोणीच नाही. स्वातंत्र्य मोठं असतं, पण हिशेब ठेवणारा माणूस नसतो.

याच गोष्टीला दुसऱ्या दिशेनेही आधार मिळतो. २०१५ साली गूगलने एएमपी नावाची पद्धत आणली. मराठी वृत्तपत्रांच्या साईटनीही ती वापरली, आणि त्या पानांवर बातमी झटकन उघडायची. त्यात जादू काही नव्हती. लेखकाने स्वतःचं जावास्क्रिप्ट घालायचं नाही, रंगरूपाचा कोड सुरुवातीला ५० केबीच्या आत ठेवायचा, फोटोची लांबी-रुंदी आधी सांगायची, असे कडक नियम होते. त्या पद्धतीत गूगलचं वर्चस्व वाढतं, हा आक्षेप रास्त होता, आणि २०२१ मध्ये ठळक बातम्यांत स्थान मिळवण्यासाठीची तिची सक्ती उठली. पण धडा राहिला: वेग मर्यादेतून आला. महाराष्ट्रातलंच उदाहरण हवं तर पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीचं आहे. सुजय पवार हे तिच्या संस्थापकांपैकी एक. ही कंपनी सुरुवातीला पेज बिल्डरवर चढवायच्या जोडण्यांसाठी ओळखली जायची, म्हणजे वजन वाढवणाऱ्या बाजूलाच होती म्हणा. २०१७ साली तिने ॲस्ट्रा हा वर्डप्रेसचा साचा काढला आणि त्याचं वजन ५० केबीच्या आत ठेवणं हीच त्याची जाहिरात केली. तो साचा दहा लाखांहून अधिक साईटवर गेला. बिल्डरसोबत चालणारा साचा हलका ठेवता येतो आणि तो खपतोही, हे पुण्यातल्या या उदाहरणाने दाखवून दिलं. एलिमेंटरनेही २०२२ पासून नव्या रचनेची चौकट आणून एकात एक अडकलेले डबे कमी केले. तक्रार झाली, माप ठरलं, आणि साधन सुधारलं.

मराठी साईटच्या वजनात काही भर आपली स्वतःची असते, आणि तिचा विचार इंग्रजीतल्या सल्ल्यांत सापडत नाही. युनिकोड मजकूर वेबवर ज्या पद्धतीने साठवला जातो, तीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण प्रत्यक्षात याची चिंता करायचं कारण नाही. एवढा लांब लेखसुद्धा ५० केबीच्या आसपास बसतो आणि दाबून पाठवला की त्याच्या छोट्या हिश्श्यावर येतो. खरं ओझं फाँटचं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटमध्ये शेकडो आकृत्या लागतात, त्यामुळे एकेक जाडीची फाइल इंग्रजी फाँटच्या कित्येक पट भरते. डिझायनरने हलकी, मध्यम, ठळक, अतिठळक अशा चार जाड्या घेतल्या, तर बातमी वाचण्याआधीच काही शे केबी खर्ची पडतात. आणि हे सगळं करण्याची गरज बहुधा नसते, कारण अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरीचा चांगला फाँट आधीपासूनच असतो. मजकुरासाठी तोच वापरला तर खर्च शून्य. दुसरं ओझं आपल्या सवयीचं. युनिकोडच्या आधीच्या काळातले फाँट दुसऱ्याच्या संगणकावर उमटत नसत, म्हणून मराठी मजकूर चित्र करून टाकायची पद्धत पडली. ती अडचण केव्हाच सरली, पद्धत उरली. चार ओळींची सूचना दोन एमबीच्या रंगीत फलकावर येते, आदेशाचा कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवला जातो. तो शोधता येत नाही, फोनच्या पडद्यावर मावत नाही, दृष्टिहीन माणसाच्या वाचकयंत्राला तो वाचता येत नाही, आणि रेंज नसेल तर उतरतही नाही. तीच सूचना साध्या अक्षरांत टाकली तर दोन केबीही होत नाही. या बाबतीत पेज बिल्डर बिचारा निर्दोष आहे.

एक आक्षेप हमखास येतो: साईट बंद पडते ती सर्व्हरमुळे, पानाच्या वजनाला कशाला धरता? आक्षेप अर्धा खरा आहे. २०२५ मध्ये अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदा राज्यभर लागू झाली आणि २१ मे रोजी नोंदणीच्या पहिल्याच दिवशी साईट कोलमडली, प्रक्रिया २६ मेपासून पुन्हा सुरू करावी लागली. तिथे एकाच वेळी आलेली गर्दी हा प्रश्न होता, फाँट किंवा फोटो हा नव्हे. तरी दोन्ही गोष्टी पूर्ण वेगळ्या नाहीत. प्रत्येक भेटीला सर्व्हरने पान नव्याने जुळवून द्यायचं की एकदा बनवून ठेवलेलं पान सगळ्यांना वाटायचं, हा बांधणीचाच निर्णय असतो. माहितीपत्रक, वेळापत्रक, कॉलेजांची यादी यांत माणसागणिक काही बदलत नाही. ती पानं तयार करून जागोजागच्या साठ्यांत ठेवली, तर मूळ सर्व्हरवर फक्त अर्जाचं काम उरतं. दहावीच्या निकालाची व्यवस्था याच्या जवळ जाते. पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी आणि त्यांची घरं एकाच दुपारी निकाल पाहायला धावतात. समोर येतात ते दोन रकाने, बैठक क्रमांक आणि आईचं नाव, आणि तोच निकाल एकापेक्षा अधिक साईटवर वाटून दिलेला असतो. तिथेही अडखळायला होतं, पण पान साधं असल्यामुळे जे मिळतं ते लहान फोनवरही मिळतं.

दुसरा आक्षेप आशावादी माणसांचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आता फाइव्ह-जी पसरतंय. चार वर्षं थांबा, हा प्रश्न आपोआप सुटेल. गेल्या दहा वर्षांचा अनुभव याच्या उलट आहे. वाट रुंद झाली तशी पानंही जड होत गेली, कारण ज्याला वजनाची झळ बसत नाही तो वजन वाढवतो. शिवाय जोडणीच्या फेऱ्यांना लागणारा वेळ डेटाच्या दराने कमी होत नाही, आणि फोनच्या प्रोसेसरवर टॉवरचा परिणाम होत नाही. सातपुड्याच्या कुशीतल्या अक्राणी, अक्कलकुवा भागातल्या पाड्यांवर तर रेंज मिळणं हाच आधीचा प्रश्न आहे, आणि जिथे ती मिळते तिथे संध्याकाळी सगळं गाव एकाच टॉवरवर असतं. वेगवान नेटच्या भरवशावर जड पान बनवणारा माणूस आपल्या सोयीचा खर्च दुसऱ्याच्या रिचार्जमधून वसूल करतो.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि रूपाचा. नंदुरबार किंवा शहाद्यातला जो तरुण फ्लेक्स आणि लग्नपत्रिका बनवतो, तोच सात-आठ हजारांत साईटही करून देतो. त्याच्याकडून हाताने लिहिलेला कोड मागणं म्हणजे साईट होऊच न देणं. हे मान्यच करायला हवं. त्याच्या हातात बिल्डर आहे म्हणूनच एखाद्या बचत गटाला, शाळेला किंवा मिरची व्यापाऱ्याला आपलं पान मिळतं, आणि नंतर फोन नंबर बदलायचा झाला तर तो त्या संस्थेतल्या माणसालाच बदलता येतो. हाताने लिहिलेल्या साईटचा लेखक गाव सोडून गेला की ती साईट तशीच गोठते. उघडायला चपळ, पण माहिती तीन वर्षांपूर्वीची, अशी साईट काय कामाची? शिवाय हाताने लिहिणारे सगळे आटोपशीर लिहितात हाही भ्रमच. मोठ्या चौकटी वापरून, साध्या माहितीच्या पानासाठी अर्धा-एक एमबी जावास्क्रिप्ट पाठवणारे निष्णात लोकही पुष्कळ आहेत. रूपाबद्दल सांगायचं तर, सुंदर आणि जड यांची गाठ कोणी घालून दिलेली नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातला चार-पाच एमबीचा फोटो पडद्याच्या मापाला आणून वेबपी या प्रकारात साठवला, तर तो शंभर केबीच्या आसपास येतो आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. मान्यवरांचे सात फोटो एकामागून एक सरकवण्यापेक्षा एक चांगला फोटो स्थिर ठेवणं अधिक देखणं असतं, आणि जिथे माणूस कामासाठी येतो तिथे पहिल्या पडद्यावर त्या कामाचं बटण असणं हेच खरं रूप.

उरतो मोजायचा प्रश्न, आणि इथे भले भले चकतात. यूट्यूबमधले तेव्हाचे अभियंता ख्रिस झकारायस यांनी लिहून ठेवलेला अनुभव बोलका आहे. व्हिडिओचं पान १.२ एमबीचं झालं होतं. त्यांनी खटपट करून ते १०० केबीच्या आत आणलं आणि काही लोकांसाठी सुरू केलं. आकडे आले तेव्हा पान उघडायचा सरासरी वेळ चक्क वाढला होता. कारण कळलं तेव्हा अर्थ उलटा निघाला: आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सैबेरियातल्या ज्या लोकांना पूर्वी ते पान वीस-वीस मिनिटांत उघडत नसे, त्यांना आता दोन मिनिटांत उघडत होतं. ते लोक पहिल्यांदाच मोजणीत आले, म्हणून सरासरी बिघडली. आपल्या साईटवर संथ नेटवाले येतच नाहीत, मग त्यांची काळजी कशाला, असं म्हणणाऱ्याला यात उत्तर आहे. ते येत नाहीत कारण त्यांना आत येता येत नाही. म्हणून नुसत्या सरासरीवर विसंबू नये, आणि मुंबई-पुण्याच्या कार्यालयातल्या वायफायवर साईट पाहून तर मुळीच पसंती देऊ नये. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे. पत्ता टाकला की वजन, वेळ आणि दोष कोणालाही दिसतात, त्यासाठी अभियंता असावं लागत नाही. त्यातले एकूण गुण शंभरपैकी किती आले यापेक्षा पान किती केबीचं आहे आणि मुख्य मजकूर कितव्या सेकंदाला दिसतो, हे दोनच आकडे पाहिले तरी पुरे. आणि शेवटची कसोटी दहा हजारांच्या आतला फोन, मोबाइल डेटा, वायफाय बंद.

सरकारी पातळीवर तर हे काम अवघड असायला नको. नंदुरबारसह देशातल्या शेकडो जिल्ह्यांच्या साईट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या एकाच व्यवस्थेवर, ठरलेल्या साच्यांतून बनतात. जिल्हा कार्यालयातला कर्मचारी कोड न लिहिता तिथे माहिती भरतो, म्हणजे तोही एका अर्थाने बिल्डरच. विक्सला जमलं ते इथेही जमण्यासारखं आहे: साचा एका ठिकाणी हलका केला, चढवलेला फोटो आपोआप लहान होऊ दिला, की गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत फरक पडेल. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने कार्यालयांना शंभर दिवसांचा जो कार्यक्रम दिला, त्यात पहिलीच बाब वेबसाईट अद्ययावत आणि वापरायला सोपी करण्याची होती. सोपी या शब्दाला आकडा जोडला नाही तर तो अहवालातच राहतो.

तो आकडा काय असावा? सेकंदाला १.६ मेगाबिट वेगाने अडीच सेकंदांत ५०० केबी उतरतात. म्हणून माहिती देणाऱ्या कोणत्याही पानाचं एकूण वजन ५०० केबीच्या आत, त्यात जावास्क्रिप्ट १०० केबीच्या आत, मजकुराला फोनमधलाच फाँट, एकही फोटो १०० केबीहून मोठा नाही, सूचना चित्रात नव्हे तर अक्षरांत, आणि पहिल्या पडद्याखालचे फोटो तिथवर वाचक पोचल्यावरच उतरावेत. या अटींत बिल्डर वापरा किंवा वापरू नका असं कुठेच येत नाही. ज्याला एलिमेंटरने हे साधतं त्याने ते वापरावं, ज्याला वर्डप्रेसच्या स्वतःच्या ठोकळ्यांनी साधतं त्याने ते, आणि ज्याला कोड लिहून साधतं त्याने तो लिहावा. अर्जांची, नकाशांची पानं यापेक्षा जड असतील, तर ती का आणि किती, हे आधी लिहून घ्यावं. वर्षातून एकदा जोडण्यांची यादी काढून जी कोणी वापरत नाही ती काढून टाकावी. आज कामाच्या आदेशात पानांची संख्या, रंग, बोधचिन्ह, मान्यवरांच्या फोटोंची जागा एवढं सगळं लिहिलेलं असतं. त्यात वजनाची एक ओळ घालायला पैसे पडत नाहीत. शाळेचे मुख्याध्यापक असोत, ग्रामसेवक असोत की मंत्रालयातले सचिव, साईटचं शेवटचं बिल मंजूर करण्याआधी ती स्वस्त फोनवर, मोबाइल डेटावर उघडून पाहायची आणि अट पाळली नसेल तर बिल थांबवायचं. बनवणारा मग आपल्या साधनातून वजन कसं उतरवायचं ते शिकेल, आणि बिल्डर चांगला की हाताचा कोड, हा वाद त्याला आपल्या दुकानातच मिटवावा लागेल.